‘पेगन’ कोणाला म्हणायचे? रोमच्या खेड्यापासून लकडगंजच्या लाकडापर्यंत

१/ नागपूरच्या पूर्व भागातील लकडगंज या वस्तीचे नावच तिची ओळख सांगते : लाकडाचा गंज, म्हणजे लाकडाची बाजारपेठ. पूर्व विदर्भाच्या जंगलांतील साग, बीजा, ऐन अशा बाजारांत येतो, आरागिरणीवर चिरला जातो आणि घनफुटाच्या भावाने विकला जातो. यांतील ऐन हा मगरीच्या पाठीसारख्या भेगाळ सालीचा वृक्ष. हिंदीत त्याला साज म्हणतात. गोंड परंपरेत याच वृक्षात परसा पेन, म्हणजे बडादेव, वास करतो. व्यापाऱ्याच्या वहीत या झाडाची एक नोंद आहे. गोंडांच्या पूजेत दुसरी.

२/ तिसरी नोंद सरकारी वहीत आहे आणि वाद तिच्याचविषयी आहे. ऐनाखाली बडादेवाला पुजणाऱ्या माणसाचा धर्म कोणता? गेल्या पावणेदोनशे वर्षांत या प्रश्नाला ‘हीदन’, ‘ॲनिमिस्ट’, ‘आदिम धर्म’, ‘मागासलेला हिंदू’, ‘इतर’ अशी अनेक उत्तरे मिळाली. ही सारी उत्तरे एका जुन्या लॅटिन शब्दाच्या गोतावळ्यातली आहेत. तो शब्द म्हणजे ‘पेगन’. त्याचा अर्थ, त्याचे प्रकार आणि नागपूरशी त्याचे नाते, हा या धाग्याचा विषय.

३/ प्रथम शब्द. लॅटिनमध्ये ‘पागुस’ म्हणजे ग्रामीण परगणा. त्यात राहणारा तो ‘पागानुस’, म्हणजे गावकरी. मुळात या शब्दाला धर्माचा वासही नव्हता. रोमन सैनिक मात्र आपल्या बोलीत तो ‘सैनिक नसलेला, साधा नागरिक’ या अर्थानेही वापरत. दोन्ही अर्थांत एक सूक्ष्म तुच्छता होती. बोलणारा आत आहे, शहरात किंवा छावणीत. ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे तो बाहेर आहे.

४/ इसवी सनाच्या चौथ्या शतकात ख्रिस्ती लेखकांनी हा शब्द उचलला. का, याविषयी दोन प्रमुख मते आहेत. एक मत असे, की नवा धर्म आधी शहरांत रुजला आणि जुने देव खेड्यांत टिकले, म्हणून जुन्या देवांचा भक्त तो ‘गावकरी’. दुसरे मत असे, की ख्रिस्ती माणूस स्वतःला ख्रिस्ताचा सैनिक मानत असे, म्हणून जो त्या सैन्यात नाही तो ‘पागानुस’. मत कोणतेही धरा, शब्दाचे काम एकच राहते : बाहेरच्यांना एकाच नावाखाली गोळा करणे.

५/ वस्तुस्थिती या नावाला जुमानत नव्हती. इसवी सन ३८४ मध्ये रोमच्या सिनेटगृहातील विजयदेवतेची वेदी परत बसवावी, अशी विनंती सम्राटाकडे करणारा सिम्माकुस हा रोम शहराचा प्रमुख अधिकारी होता. गावंढळ मुळीच नव्हता. त्याच सुमारास अंतिओखचा वक्ता लिबानिउस खेड्यांतील देवळांची बाजू मांडत होता : शेतकऱ्याची पिकाविषयीची सारी आशा त्या देवळांशी जोडलेली आहे, ती पाडू नका. म्हणजे ‘पेगन’ या एका शब्दात राजधानीचा सरदारही होता आणि नांगर धरणारा शेतकरीही.

६/ पुढे ३९१-३९२ मध्ये सम्राट थिओडोसिअसने देवळांतील बळी आणि पूजा यांवर बंदी घातली. इजिप्तची इसिस, सैनिकांचा मिथ्र, रोमचा जुपिटर, घराच्या चुलीपाशी पुजले जाणारे कुलदेव, चौरस्त्यांवरचे रक्षक देव, हे सारे कायद्याच्या लेखी एकच झाले. या उपासकांपैकी कोणीही स्वतःला ‘पेगन’ म्हणवून घेत नव्हता. विचारले असते, तर त्याने ‘ही आमच्या वाडवडिलांची रीत’ एवढेच सांगितले असते. मराठी घरांत ‘कुळाचार’ हा शब्द ज्या सहजतेने येतो, तशाच सहजतेने.

७/ इंग्रजीतील ‘हीदन’ हा शब्द ‘हीथ’ म्हणजे माळरान यावरून आला, अशी प्रचलित व्युत्पत्ती आहे. मराठी वाचकाला यासाठी दूर जाण्याची गरज नाही. रान यावरून ‘रानटी’, जंगल यावरून ‘जंगली’, ग्राम यावरून ‘ग्राम्य’ : राहण्याचे ठिकाण सांगणारा शब्द दूषण कसा बनतो, हे आपल्याच भाषेत उघड दिसते. एखाद्या भाषणाला ‘ग्राम्य’ म्हटले, की वक्त्याचे गाव कोणी विचारत नाही. रोमच्या ‘पागानुस’चे नेमके हेच झाले.

८/ ‘पेगन’ हा शब्द आज तीन वेगळ्या अर्थांनी वापरला जातो. ते वेगळे केले नाहीत, तर चर्चा भरकटते.
अ) वादाचा अर्थ : ‘आमच्या खऱ्या धर्मात नसलेला’. हा अर्थ दुसऱ्याने लादलेला.
आ) अभ्यासाचा अर्थ : ख्रिस्तपूर्व युरोपातील बहुदैवत परंपरा. सोयीचे, पण ढोबळ नाव.
इ) स्वीकाराचा अर्थ : विसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत जुन्या देवांची उपासना पुन्हा सुरू करणाऱ्यांनी स्वतःच घेतलेले नाव.

९/ या सर्व परंपरांना जोडणारे काही आहे का? थोडेफार आहे. त्या बहुधा ग्रंथावर उभ्या नसून स्थळावर उभ्या असतात : अमुक झरा, अमुक वृक्ष, अमुक वेस. ‘काय मानता’ यापेक्षा ‘काय करता’ याला तेथे महत्त्व असते. देव सर्व जगाचा असण्याआधी एका कुळाचा किंवा एका गावाचा असतो. ‘ग्रामदैवत’ हा मराठी शब्द म्हणजे जणू ‘पागुस’च्या देवाचे भाषांतर. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९६२ च्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या ग्रंथात मातृदेवता आणि चौरस्ते यांचा संबंध शोधला. रोमचे रक्षक देवही चौरस्त्यांवरच पुजले जात. मात्र साम्य दिसले म्हणून धर्म एक ठरत नाही.

१०/ आज स्वतःला ‘आत’ मानणारेही एकेकाळी ‘बाहेर’ होते, याचा सर्वांत ठळक पुरावा गोव्यात आहे. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा जिंकला. त्यांच्या कागदपत्रांत तेथील हिंदूंना ‘जेंतिउ’ म्हटले आहे. बायबलच्या लॅटिन भाषांतरात परक्या राष्ट्रांतील लोकांसाठी जो शब्द येतो, त्याच कुळातला हा शब्द. ‘पेगन’चा सख्खा भाऊच. पुढे इंग्रजांनी त्याचे ‘जेंटू’ केले आणि हिंदू कायद्याच्या १७७६ च्या इंग्रजी संकलनाला ‘जेंटू’ हेच विशेषण लावले.

११/ गोव्यात हा केवळ शब्दांचा खेळ नव्हता. १५४० मध्ये तिसवाडीतील देवळे पाडली गेली, १५६७ मध्ये सासष्टीतील. लोकांनी काय केले? देव उचलून नेले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला. जो देव गावाशी बांधलेला असतो, त्याचे स्थलांतर ही साधी घटना नसते. ज्यांना एका राजसत्तेने ‘जेंतिउ’ ठरवले, त्यांच्या वंशजांना बाहेरून मिळालेल्या नावाचे मोल वेगळे समजावून सांगावे लागू नये.

१२/ आता गोव्यातून विदर्भाकडे. नागपूर हे शहरच एका गोंड राजाने वसवले. देवगडचा राजा बख्त बुलंद शहा याने १७०२ मध्ये ‘राजापूर बारसा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बारा वाड्या एकत्र करून नगर उभारले. याच राजाने औरंगजेबाच्या दरबारात इस्लाम स्वीकारला होता. बख्त बुलंद हे नाव त्याला तेथेच मिळाले. गोंड राजा, मुसलमान नाव, आणि आजूबाजूला बडादेवाला पुजणारी प्रजा : ‘पेगन’सारख्या सरधोपट खान्यात न मावणारी परिस्थिती या शहराच्या जन्मातच आहे.

१३/ पुढे भोसल्यांचे राज्य आले आणि १८५३ मध्ये ते खालसा झाले. त्याआधीच, १८४५ मध्ये, स्कॉटलंडचा एक तरुण मिशनरी नागपुरात पोहोचला होता : स्टीफन हिस्लॉप. १८८३ मध्ये स्थापन झालेले हिस्लॉप महाविद्यालय त्याच्याच नावाचे. धर्मप्रसार हे त्याचे काम, भूगर्भशास्त्र हा त्याचा छंद; एका खनिजाला त्याचे नाव आहे. त्या काळच्या मिशनरी भाषेत गोंड हे ‘हीदन’च होते. तथापि हिस्लॉपने एक असामान्य गोष्ट केली : त्याने त्यांचे ऐकून घेतले.

१४/ गोंडांच्या धार्मिक जीवनात परधान या गायक-पुरोहित समाजाचे स्थान मोठे आहे. ‘बाना’ या तंतुवाद्यावर ते बडादेवाला आवाहन करतात आणि कुळांच्या कथा गातात. हिस्लॉपने परधानाच्या तोंडून लिंगोचे दीर्घ कथागीत उतरवून घेतले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना बोरीजवळ पुराच्या पाण्यात त्याचा मृत्यू झाला. रिचर्ड टेंपल याने त्याचे कागद संपादित करून १८६६ मध्ये नागपुरात प्रकाशित केले. ती कथा अशी छापील रूपात उरली.

१५/ कथेचा गाभा थोडक्यात : प्रारंभीचे गोंड कचिकोपा लोहागड या ठिकाणच्या गुहेत कोंडले जातात. लिंगो त्यांना मुक्त करतो, त्यांना अग्नी आणि शेती शिकवतो, त्यांची कुळे पाडतो आणि कोणी कोणाशी लग्न करावे, हे ठरवून देतो. गोंडांना गुहेत कोंडणारा या पाठात महादेव आहे. हा हिंदू प्रभाव मानायचा, की गोंडांच्याच ‘शंभू’चे रूपांतर मानायचे, यावर आजही वाद आहे. ज्याला ‘श्रद्धाहीन’ समजून धर्म शिकवायला कोणी आला, त्याच्यापाशी सृष्टीपासून समाजरचनेपर्यंतचा विचार होता, एवढे मात्र या कागदांनीच सिद्ध केले.

१६/ या धर्माला केवळ ‘निसर्गपूजा’ म्हणणे अपुरे आहे. गोंड कुळे चार, पाच, सहा आणि सात देवांच्या गटांत विभागलेली असतात. समान देवसंख्येची कुळे परस्परांची भाऊबंद. त्यांच्यात विवाह होत नाही. म्हणजे ‘तुमचे देव किती?’ हा प्रश्न उपासनेचा तितकाच सोयरिकीचा आहे. मृत पूर्वजही कुळाच्या देवांत मिसळतात. ऐनाचे झाड या रचनेत पूजेची वस्तू म्हणून एकटे उभे नाही. त्याच्याभोवती पूर्वज, कुळ आणि नातेसंबंध उभे आहेत.

१७/ हे वाचून अनेक मराठी वाचकांना आपले ‘देवक’ आठवेल. मराठा व इतर अनेक समाजांत लग्नाआधी देवक बसवतात. कोणाचे देवक कळंब, कोणाचे पंचपल्लव. एकच देवक असलेल्या कुळांत लग्न करू नये, ही जुनी रीत. वृक्षाशी जोडलेले कुळ आणि कुळाशी जोडलेला विवाहनियम, ही रचना लग्नमंडपातही आहे आणि जंगलातही. पहिलीला ‘संस्कार’ म्हटले गेले, दुसरीला ‘आदिम श्रद्धा’.

१८/ शहरही याला अपवाद नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चालत आलेली ही मिरवणूक इतवारीच्या गजबजलेल्या भागात पाहायला मोठी गर्दी जमते. रोगराई आणि संकटे सोबत घेऊन जा, असे मारबतीला सांगून ती शहराबाहेर नेऊन जाळतात. बरोबरच्या ‘बडग्यां’तून त्या वर्षीच्या महागाईची, भ्रष्टाचाराची थट्टा होते. चौथ्या शतकातील एखाद्या बिशपने हे पाहिले असते, तर कोणता शब्द वापरला असता, हे सांगणे कठीण नाही. आपण त्याला परंपरा म्हणतो.

१९/ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिशनऱ्याची जागा गणना-अधिकाऱ्याने घेतली. एडवर्ड टायलर या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञाने १८७१ मध्ये ‘ॲनिमिझम’ ही संकल्पना मांडली होती : सर्व वस्तूंत आत्मा असल्याची श्रद्धा, आणि ती धर्माची सर्वांत खालची पायरी. १९०१ आणि १९११ च्या जनगणनांत आदिवासींच्या धर्माला ‘ॲनिमिस्ट’ हे नाव होते. ‘हीदन’मधील शिवी गेली, पण शिडी आली. आधी हा माणूस धर्माच्या बाहेर होता. आता तो आत आला, परंतु सर्वांत खालच्या पायरीवर.

२०/ रेषा आखताना अधिकाऱ्यांचीच दमछाक झाली. १९११ च्या जनगणनेच्या वेळी आयुक्त ई. ए. गेट यांनी हिंदू कोणाला म्हणावे, याच्या कसोट्या लावून पाहिल्या. नागपूर ज्याची राजधानी होती त्या मध्यप्रांत व वऱ्हाडचा निष्कर्ष चकित करणारा होता. हिंदू म्हणून नोंदलेल्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोक ब्राह्मणांचे श्रेष्ठत्व आणि वेदांचे प्रामाण्य मानत नव्हते. निम्म्याहून अधिक लोक ब्राह्मण गुरूकडून मंत्र घेत नव्हते. कसोटी रेषा आखण्यासाठी होती. तिने ‘हिंदू’ हा रकानाच किती विविध आहे, हे दाखवले.

२१/ १९३१ च्या जनगणनेत जे. एच. हटन यांनी ‘ॲनिमिस्ट’ सोडून ‘आदिम जमातींचे धर्म’ असे नाव घेतले. त्यांचे मत असे, की हे धर्म म्हणजे हिंदुत्वाच्या मंदिरात अद्याप न बसवलेले चिरे होत. उपमा सुंदर आहे आणि धोकादायकही. चिऱ्याला स्वतःचे घर असू शकते, हा विचार तिच्यात नाही. मंदिर पूर्ण व्हायचे आहे आणि चिरा थांबलेला आहे, असे ती गृहीत धरते.

२२/ १९४३ मध्ये हा वाद टोकाला गेला. मंडला भागात गोंडांमध्ये राहिलेले, धर्मोपदेशकाचे काम सोडून दिलेले व्हेरिअर एल्विन यांचे म्हणणे होते, की आदिवासी जीवनाला बाहेरच्या लोंढ्यापासून संरक्षण हवे. मालवणात जन्मलेले समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये यांनी उत्तर दिले, की ‘आदिवासी’ हे नावच चुकीचे; हे ‘मागासलेले हिंदू’ होत आणि शतकानुशतकांची देवाणघेवाण नाकारता येणार नाही. घुर्यांच्या पुराव्यात तथ्य होते : महाशिवरात्रीला पचमढीच्या महादेवाकडे जाणाऱ्यांत गोंडही असतातच. परंतु नाव कोणते लागावे, हे दोन्ही विद्वान ज्यांच्याविषयी सांगत होते, ते या वादात बोलत नव्हते.

२३/ स्वातंत्र्यानंतरच्या, १९५१ च्या जनगणनेत बहुसंख्य गोंड ‘हिंदू’ म्हणून नोंदले गेले. मात्र १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने अनुसूचित जमातींना, केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय, आपल्या कक्षेबाहेर ठेवले. म्हणजे गणनेच्या वहीत जो हिंदू, तोच विवाह आणि वारसा यांच्या कायद्यात हिंदू नाही. दोन सरकारी वह्या एकाच माणसाविषयी वेगळे सांगतात.

२४/ रकाना स्वतःहून बदलण्याचे सर्वांत मोठे उदाहरणही नागपूरचेच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. १९५१ मध्ये महाराष्ट्राच्या आजच्या भूभागात बौद्धांची संख्या नगण्य होती. १९६१ च्या जनगणनेत ती सुमारे २८ लाख झाली. बाहेरून मिळालेले नाव नाकारून स्वतःचे नाव लिहिता येते, हे या शहराने पाहिले. फरक एवढाच, की तेथे स्वीकारलेल्या धर्माला जगभर मान्य असलेले नाव होते. गोंडांना नावापासून सुरुवात करायची होती.

२५/ ते काम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोंड अभ्यासकांनी स्वतः हाती घेतले. त्यांत मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) हे प्रमुख. रामटेक तालुक्यात जन्मलेल्या, नागपुरात रिझर्व्ह बँकेत नोकरी केलेल्या या भाषा-अभ्यासकाने पारी कुपार लिंगोच्या शिकवणीची मांडणी ‘कोया पुनेम’ या नावाने केली. गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहा म्हणजेच कथेतील कचिकोपा लोहागड, अशी ओळख पटवली गेली. तेथे आज माघ पौर्णिमेला अनेक राज्यांतून गोंड भाविक येतात आणि ‘जय सेवा’ म्हणून एकमेकांना अभिवादन करतात. हिस्लॉपच्या कागदांतील गुहेला अशा रीतीने यात्रा मिळाली.

२६/ यावर आक्षेप असा, की ही नवी रचना आहे; प्रत्येक गावच्या वेगळ्या रीतींना एका सिद्धांतात बसवले जात आहे. आक्षेपात तथ्य आहे. शिवाय सर्व गोंड हे नाव मान्य करतात असेही नाही. स्वतःला हिंदू मानणारे गोंड पुष्कळ आहेत आणि तेही त्यांचेच मत आहे. परंतु सिद्धांत, ग्रंथ आणि यात्रा यांची नव्याने बांधणी जगातील बहुतेक धर्मांनी कधी ना कधी केली आहे. ती उशिरा झाली म्हणून खोटी ठरत नाही.

२७/ युरोपातील आधुनिक पेगनांशी तुलना येथे उपयोगी पडते. आइसलंडमध्ये जुन्या नॉर्स देवांच्या उपासकांच्या संघटनेला १९७३ मध्ये अधिकृत मान्यता मिळाली. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे ७४ हजार लोकांनी आपला धर्म ‘पेगन’ असा लिहिला. शिवी होती, तिचे स्वनाम झाले. तरी मोठा फरक आहे : तेथे तुटलेली परंपरा ग्रंथांतून पुन्हा जुळवावी लागली, येथे परधानाचा बाना वाजायचा थांबलाच नव्हता. म्हणून गोंड धर्माला ‘भारतीय पेगन धर्म’ म्हणणे आकर्षक वाटले, तरी ते पुन्हा बाहेरून दिलेले आणखी एक नावच ठरेल.

२८/ आता प्रश्न आकड्यांचा. २०११ च्या जनगणनेत सहा धर्मांना स्वतंत्र संकेतांक होते. इतरांना धर्माचे नाव लिहावे लागे. अशा ‘इतर’ धर्मीयांची संख्या सुमारे ७९ लाख भरली. त्यांत सरना लिहिणारे सुमारे ४९ लाख आणि गोंड किंवा गोंडी धर्म लिहिणारे सुमारे १० लाख होते. नोव्हेंबर २०२० मध्ये झारखंड विधानसभेने सरना धर्मासाठी वेगळ्या संकेतांकाची मागणी करणारा ठराव केला. पुढील जनगणनेची संदर्भ तिथी देशाच्या बहुतांश भागासाठी १ मार्च २०२७ आहे. एक खुलासा आवश्यक : अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही. रकाना आरक्षणाचा नाही. तो ओळखीचा आहे.

२९/ सारांश असा. ‘पेगन’ हे कोणत्याही एका धर्माचे नाव कधीच नव्हते. एखाद्या सत्तेची सीमारेषा कोठे होती, हे सांगणारी ती खूण होती. रोममध्ये ती शहराच्या वेशीवर होती, गोव्यात किल्ल्याच्या तटावर, मध्यप्रांतात गणना-अधिकाऱ्याच्या तक्त्यात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने जुन्या कागदांत ‘हीदन’, ‘ॲनिमिस्ट’, ‘रानटी’ असे शब्द वाचताना आधी विचारावे : हे कोणी लिहिले, आणि ज्याच्याविषयी लिहिले तो स्वतःला काय म्हणत होता?

३०/ लकडगंजच्या वखारीत ऐनाचा ओंडका घनफुटात मोजला जातो आणि त्यात गैर काही नाही. बाजाराला तेवढेच मोजायचे असते. कचारगडच्या वाटेवर हेच झाड पाहून कोणी हात जोडतो. २०२७ मध्ये प्रगणक त्याच्या दाराशी येऊन धर्म विचारील, तेव्हा तो ‘हिंदू’ म्हणेल किंवा ‘गोंडी’ म्हणेल. उत्तर कोणतेही असो. या वेळी ते त्याच्या तोंडून आलेले असावे आणि जसे सांगितले तसेच लिहिले जावे.